समोरच्या काचेवरचं पाणी

हे रिटायर झाले त्याच हिवाळ्यात आमच्या अंगणात एक जुनी सतरा सीटची गाडी येऊन उभी राहिली. कागलच्या एका माणसाने ती लग्नाच्या वऱ्हाडांना भाड्याने देऊन देऊन झिजवली होती. फटींतून अजून अक्षता निघत होत्या. पुढच्या दोन सोडून ह्यांनी सगळ्या सीटा काढल्या, सुताराला बोलावलं आणि आत दोन अरुंद पलंग, त्यांच्याखाली खण, शेगडीपुरता ओटा आणि छताला उघडता येणारा झरोका असं सगळं करून घेतलं.

"घर हाय की आपल्याला," मी म्हणाले.

"हाय. पन ते हलत न्हाय."

ह्यांची उभी हयात फौंड्रीत गेली. घरी आले की कपड्यांतून काळी वाळू पडायची आणि अंगाला हात लावला तर ताप असल्यासारखं लागायचं. रजा काढून कुठे जाणं कधी जमलं नाही. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलाचं शिक्षण, मग हे घर बांधणं. म्हणून ह्यांची इच्छा एकच होती. "भट्टीफुडं जल्म गेला. आता थंडीत उठायचं. धुकं बघत चा प्यायचा." त्यात नावं ठेवण्यासारखं मला काही दिसलं नाही. पोटापाण्याचं बघून झालेला माणूस आणखी काय मागणार?

पहिल्यांदा आम्ही गगनबावड्याला गेलो. आमच्यात दिवे लागायच्या आत जेवायची रीत आहे, तेव्हा उजेड आहे तोवर शेगडीवर मुगाची खिचडी केली, खाल्ली, काचा गच्च लावल्या आणि पडलो. सकाळी मी उठले तर समोरची मोठी काच आतून पांढरी झालेली. धुकं बाहेर आहे की आत, तेच कळेना. बोट लावलं तर पाण्याचा ओघळ खाली आला. डॅशबोर्डवर ठेवलेला ह्यांचा मफलर पिळण्याइतका भिजला होता. हे पलंगावर बसून काचेकडे बघत राहिले.

"गळतीया कुठनंतरी," हे म्हणाले.

"पाऊस कुठं पडलाय?"

"दव पडलं असंल. रबर गेलंय काचंचं."

परत आल्यावर ह्यांनी उद्यमनगरात जाऊन काचेभोवतीचं रबर नवीन बसवून घेतलं. मेस्त्रीने बाहेरून पाइपाने पाणी मारून दाखवलं, थेंब आत आला नाही. हे समाधानाने घरी आले. मग आम्ही दाजीपूरला गेलो, तर सकाळी पुन्हा तेच. ह्या वेळी बाजूच्या काचाही भिजलेल्या, आणि उशीच्या कडेला गार ओल. हे त्या सकाळी खोकत उठले. चहा घेतला तरी खोकला थांबेना.

सून त्या वेळी दिवसांत होती, बाळंतपणासाठी माहेरी जायची तयारी चाललेली. तिने मोबाइलवर शोधून आम्हाला सांगितलं, "आण्णा, हे बाहेरचं पाणी नाही. तुमच्या दोघांच्या श्वासाचं आहे. श्वासातली वाफ गार काचेवर बसते. वर शेगडीची वाफ."

ह्यांना ते पटायला वेळ लागला. "माणूस एवढं पाणी सोडतंय व्हय?" असं दोनतीनदा म्हणाले. मग एकदा पटल्यावर त्या पाण्याच्या मागेच लागले, अंगणातच गाडीत झोपून एकेक उपाय करून बघायला लागले. फौंड्रीत साच्यात ओल राहिली की ओतकाम फुटतं, त्यामुळे ओल म्हणजे दुष्मन हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय तो खोकला. ओलीनेच धरलाय, ओल गेली की जाईल, असं ह्यांचं म्हणणं होतं. मलाही तसंच वाटत होतं.

आधी आम्ही पडदे केले. गांधीनगरातून जाड कापड आणलं, मी घरीच शिवले. काचांना पडदे लावले की थंडी अडेल असा हिशेब. झालं उलटं. पडद्यामागे काच आणखी गार पडली, पाणी तेवढंच आलं, आणि आता ते कापड पीत होतं. चारदोन दिवसांत पडद्यांना ओल्या पोत्यासारखा वास सुटला. मग ह्यांनी चंदेरी शीट आणली, आत फोम असलेली. प्रत्येक काचेचा कागदावर ठसा घेऊन ह्यांनी ती स्वतः कापली. रबराच्या वाट्यांनी काचेला आतून चिकटवायची. दिसायला झकास. गाडीत ऊब राहायची हे खरं, पण सकाळी वाट्या गळून पडलेल्या आणि शीट सोडवली की मागे पाणी. एकदा दोनतीन आठवडे ती तशीच लावून ठेवली गेली. काढली तर रबराच्या कडेने काळी बुरशी, बोटभर रुंद पट्टा. हे ब्लेड आणि फडकं घेऊन दिवसभर ती खरवडत बसले. तोंडाला काही बांधलं नव्हतं. मध्ये मध्ये थांबून खोकत होते, आणि खोकून झालं की दम लागल्यामुळे थोडा वेळ नुसतेच बसत होते.

त्या दिवशी मुलगा कामावरून आला, त्याने ते बसणं बघितलं आणि म्हणाला, "आण्णा, उद्या दवाखान्यात जायचं."

डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, मशीनमध्ये फुंकायला लावलं, दुसरीकडे पाठवलं, तिथेही तेच केलं. शेवटी आम्हाला समोर बसवून सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत. कशाने, ते नक्की सांगता येत नाही. वाळूची धूळ असेल, नसेलही. झालेलं मागे फिरवायचं औषध नाही, पुढे जाणं सावकाश करता येईल तर बघू.

"गाडीतल्या ओलीनं झालं न्हाय न्हवं?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "हे बऱ्याच वर्षांचं आहे. पण आता ओल आणि बुरशी तुम्हाला अजिबात चालणार नाही."

येताना हे म्हणाले, "काच उगंच बदनाम केली."

तरीही काचेचं काम ह्यांनी सोडलं नाही. शीट आतून न लावता बाहेरून झाकायचं, म्हणजे काच गारच पडणार नाही, असं ह्यांना आता कळलं होतं. ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे जाऊन ह्यांनी समोरच्या काचेसाठी मोठं कव्हर शिवून घेतलं. वर ताडपत्री, मध्ये फोम, आतल्या बाजूला मऊ सुती कापड. दोन्ही कडांच्या पट्ट्या पुढच्या दारांत धरून दार लावायचं, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. बाजूच्या काचांनाही तशीच लहान कव्हरं, कडेला चुंबक. आणि आत झरोका दोन बोटं उघडा ठेवायचा, एका बाजूची काच किंचित सरकवलेली. ते सगळं घेऊन आम्ही आंबोलीला गेलो. सकाळी मी कव्हर काढलं, आत येऊन बघितलं, तर काच कोरडी. कोपऱ्यात नखाएवढा दमटपणा, बस. ह्यांनी काचेवर तळहात फिरवला आणि तो मला दाखवला.

ती आमची तिसरी आणि शेवटची सहल. घाट चढताना गाडी चालवतानाच ह्यांना दम लागत होता. परतीला हे वाटेत चार ठिकाणी थांबले.

सून बाळाला घेऊन माहेराहून आली तोवर ह्यांचा खोकला घर हलवायला लागला होता. आमचं घर लहान, दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची. हे खोकले की बाळ दचकून रडायचं, ते रडलं की सून उठायची. कुणाची तक्रार नव्हती. सून तर उलट म्हणायची, "सवय होईल हो त्याला." पण एका सकाळी हे आपली उशी आणि पांघरूण घेऊन अंगणात गेले आणि गाडीत पडले. मी हाक मारायला गेले तर म्हणाले, "हितं बरं वाटतंय. मी हितंच झोपतो."

मुलगा चिडला. "लोक काय म्हणतील? बापाला अंगणात टाकलं म्हणतील."

"लोकास्नी सांग, आण्णा फिरायला गेल्यात," हे म्हणाले.

मीही माझं अंथरूण तिकडे नेलं. एकट्याला कसं सोडणार? आणि खरं सांगायचं तर मला ह्यांचं म्हणणं समजत होतं. एकदा मुलाने फारच गळ घातली तेव्हा हे त्याला म्हणाले, "घरात मी आजारी हाय. हितं मी गाडीत हाय." मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुलानेच वायर ओढून दिली, कारण तोवर ह्यांना ऑक्सिजनचं मशीन लागलं होतं. ते पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं. दिवसरात्र गुरगुर करायचं. त्याला पाण्याची बाटली, त्यातून बुडबुडे काढत हवा नाकाकडे जायची.

आणि पाणी पुन्हा आलं. दोन माणसांचा श्वास, त्या बाटलीची ओल, गरम पाण्याचा वाफारा, आणि दार बंद. कव्हरं होती म्हणून समोरची काच तगायची, पण पलंगामागच्या पत्र्यावर, खणांच्या आत, जिथे हात पोचत नाही तिथे ओल धरायची. झरोका उघडला की गार वारा ह्यांच्या छातीवर यायचा आणि खोकला सुरू. बंद केला की भिंती घामेजायच्या. मी दिवसभर तेच करत होते. ऊन आलं की गाद्या बाहेर, खण उघडे, कडा व्हिनेगरच्या फडक्याने पुसायच्या, मग कोरड्या फडक्याने. ऊन कललं की सगळं आत. फडकी वाळत घालायला दोरी पुरत नव्हती.

उन्हाळा त्यातल्या त्यात बरा गेला. आंब्याची सावली होती आणि बाहेरच्या कव्हरांनी ऊनही अडायचं. पण पावसाळा लागला आणि कव्हर काढायची सोय राहिली नाही. दिवसासुद्धा बाहेर गार, ओलं, आणि काच उघडी ठेवली की अर्ध्या तासात पांढरी. मी कव्हर तसंच ठेवायला लागले. आत दिवा लावायचा. हे पलंगावर पाठीला उशा लावून बसलेले, समोर काळी ताडपत्री.

मग एका सकाळी मी औषध द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "फुडचं ते काढ."

"पाणी धरंल."

"धरू दे. पेटीत घातल्यागत वाटतंय."

"डॉक्टर काय म्हणालेत ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय." बोलताना मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. "रस्ता दिसू दे की मला."

आमच्या अंगणातून रस्ता म्हणजे काय, फाटक, त्यापलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी खड्डे पाडलेली वाट, आणि पलीकडे नव्या घरांच्या पायाभरणीसाठी टाकलेले दगड. एखादा दूधवाला, शाळेची रिक्षा. मी बाहेर जाऊन दारं उघडली, पट्ट्या सोडवल्या आणि कव्हर काढलं. आत उजेड आला तसे हे डोळे बारीक करून बघत राहिले. शाळेची रिक्षा गेली ती मान वळवून शेवटपर्यंत बघितली.

ते कव्हर मी पुन्हा लावलं नाही. संध्याकाळी लावू का विचारलं तर हात हलवला. मग माझं काम वाढलं. पहाट झाली की काच पुसायची, नाश्ता झाला की पुसायची, दुपारी पुसायची. खाली डॅशबोर्डवर जुनी सुती साडी घडी करून टाकली होती, ती सकाळी पिळायची. मुलाने कव्हर अंगणात गुंडाळून ठेवलेलं बघितलं.

"आई, का काढलंस? ओल धरतीया आत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

"त्यास्नी बाहेरचं दिसाय पायजे."

"आणि छातीत कफ झाला मग?"

"होईल. न्हायतरी काय व्हायचं ऱ्हायलंय?"

मला वाटलं आता ओरडेल. पण तो कव्हर उचलून शेडमध्ये ठेवून आला, आणि दुसऱ्या दिवशी काच पुसायचा लांब दांड्याचा रबरी पट्टा घेऊन आला. माझा हात काचेच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही हे त्याने बघितलं होतं.

कव्हर काढल्याने ह्यांच्या तब्येतीत फरक पडला का, मला सांगता येत नाही. पडला असेल. डॉक्टरही नंतर तसं काही म्हणाले नाहीत. मी मात्र ते पुन्हा काढलंच असतं.

श्रावणात एका दुपारी ह्यांची बोटं निळसर दिसायला लागली. बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा खाली खाली चाललेला. मुलगा घरीच होता. त्याने अॅम्ब्युलन्सला फोन केला, ते म्हणाले वेळ लागेल, कुठे रस्त्यावर पाणी आलंय. हे मान हलवून मुलाला खुणावत होते. मुलगा जवळ गेला. ह्यांनी स्टेअरिंगकडे बोट केलं.

गाडीची बॅटरी आणि इन्व्हर्टर ह्यांनीच बसवलेला, त्यावर मशीन चाललं. सून दारात बाळाला घेऊन उभी होती. मुलाने गाडी सुरू केली. कितीतरी महिन्यांनी सुरू होत होती, दोनदा गचकली, मग लागली.

फाटकाबाहेर येईपर्यंतच समोरची काच पूर्ण पांढरी झाली. बाहेर झिमझिम पाऊस, आत आम्ही तिघं जोरजोराने श्वास घेत होतो. मुलाने एसी लावला. काच मधोमध स्वच्छ व्हायला लागली, पण गार झोत मागे गेला आणि ह्यांना खोकल्याची उबळ आली. नाकातली नळी निघाली. मी मागे जाऊन ती पुन्हा लावली.

"बंद कर ते," मी मुलाला म्हणाले.

"दिसत न्हाय मला, आई. काहीच दिसत न्हाय."

"मी पुसते. तू बंद कर."

त्याने एसी बंद केला, आपल्या बाजूची काच खाली केली. पावसाने त्याचा खांदा भिजत होता. मी शेजारच्या सीटवर गुडघे टेकून वाकले आणि त्याच्या समोरची काच फडक्याने पुसत राहिले. पुसली की तेवढा रस्ता दिसायचा, आणि तोवर दुसरीकडे पाणी धरायचं. पुढे फडकं ओलं झालं तेव्हा पदराने पुसलं. मुलगा एका हाताने हॉर्न दाबत होता आणि मला सांगत होता, "डावीकडं. आता मधी. आई, मधी." मध्ये कुणी एक माणूस मोटारसायकल आडवी घालून उभा होता, त्याने आत डोकावून बघितलं आणि आपणच पुढे होऊन वाट करून द्यायला लागला. चौकापर्यंत तो हात दाखवत आमच्या पुढे होता.

एकदाच मी मागे वळून बघितलं. हे उशांना टेकून समोर बघत होते. माझ्या हाताच्या आजूबाजूने जेवढं दिसत होतं तेवढं. त्या वेळी ह्यांच्या चेहऱ्यावर काय होतं हे मला सांगता येणार नाही. मी लगेच पुन्हा काचेकडे वळले, कारण मुलाने हाक मारली.

दवाखान्यात ह्यांना काचेच्या दाराआड नेलं. तिथे हे आठवड्याच्या आतच गेले. शेवटी मला आत सोडलं तेव्हा मी ह्यांच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. तोंडावरच्या मास्कमुळे ह्यांचे ओठ हलत होते की नाही कळलं नाही. नर्सने खांद्याला हात लावला तेव्हा मी थांबले.

गाडी दवाखान्याच्या आवारातून मुलगा परत घेऊन आला आणि आंब्याखाली लावली. कुणी आत गेलं नाही. पाऊस संपेपर्यंत ती बंदच होती. दसऱ्याच्या आधी सून साफसफाई करायला गेली आणि तशीच बाहेर आली. गाद्यांना, खणांना, छताला, सगळीकडे बुरशी चढली होती. "आई, तुम्ही नका जाऊ," ती म्हणाली. मी गेले. गाद्या आम्ही टाकून दिल्या. बाकीचं दोघींनी मिळून घासलं. तोंडाला बांधून. ह्यांचा चष्मा पलंगाच्या फटीत सापडला, तो मी पुसून घरात ठेवला.

मुलाने विचारलं, "ठेवायची का?" मी गाडी चालवत नाही, त्याला वेळ नाही. मी म्हणाले, "दे कुणालातरी."

निपाणीकडचं एक जोडपं बघायला आलं. तोही नुकताच रिटायर झालेला, ती शाळेत शिकवत होती. तो खाली वाकून चाकं बघत होता, ती आत फिरत होती. तिने मला विचारलं, "काचांचं काय करता हो? आमच्या ओळखीत एकाची गाडी हाय, लई पाणी धरतंय म्हणतो."

मी तिला सगळं सांगितलं. पडदे लावू नका, आतली शीट लावलीत तर रोज काढून वाळवा, बाहेरचं कव्हर सगळ्यात चांगलं, झरोका दोन बोटं उघडा ठेवा, आत शिजवलंत तर दार उघडं ठेवून शिजवा. शेडमधून कव्हर आणून दाखवलं. दारात पट्ट्या कशा धरायच्या तेही दाखवलं. तिने हाताने कापड चाचपलं.

"छान शिवलंय. तुमी कुठं कुठं फिरलाय गाडी घिऊन?"

"गगनबावडा, दाजीपूर, आंबोली."

"एवढंच?"

"व्हय."

ती पुढे काही विचारणार होती, पण तिच्या नवऱ्याने हाक मारली आणि ती उतरली. त्यांनी गाडी घेतली, पण नेताना त्याला ती फाटकातून मागे घेता येईना. मुलगाच चढला आणि बाहेर काढून दिली. घासल्याचा आवाज आला, फाटकाच्या खांबाचा थोडा टवका उडाला. मुलगा उतरून तो बघायला गेला. मी पायरीवर उभी होते. घरात बाळ उठलं होतं आणि सुनेचे हात पिठात होते, म्हणून मी आत गेले.